एका आज्ञार्थाची चौकशी

आमच्या फान्ती लोकांच्या किनाऱ्यावर बायको वारली की नवऱ्याच्या वाट्याला दोन गोष्टी येतात. एक शवपेटी आणि दुसरं चोपडीतलं एक पान. बाकी सगळं तिच्या आईकडच्या कुळाचं. प्रेत कुळाचं, तारीख कुळाची, मंडप, खुर्च्या, बँडवाले, कापडाचा रंग, कोणी कोणाआधी रडायचं, सगळं कुळ ठरवतं. नवरा या सगळ्यात पाहुणा. त्याने काळे कपडे घालून दाखवलेल्या खुर्चीत बसावं आणि कुणी विचारलं तर पेटी कुठल्या लाकडाची आहे ते सांगावं.

पेटीबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. लाकूड मला कळत नाही. पण पान मला कळतं. मी उभा जन्म इंग्रजीचा मास्तर म्हणून काढला. नाम म्हणजे काय हे या गावातल्या निम्म्या लोकांना मी शिकवलं आहे, आणि उरलेल्या निम्म्यांनाही शिकवलं आहे, पण त्यांना ते अजून आलेलं नाही. तेव्हा माझी अराबा गेली, तिला शहरातल्या शवागारात ठेवलं आणि कुळाने महिन्याभरानंतरचा शनिवार पक्का केला, तेव्हा मी ठरवलं की बाकी काय व्हायचं ते होवो, पान माझं असेल.

चोपडी म्हणजे अंत्यविधीला वाटतात ती गुळगुळीत कागदाची पुस्तिका. पुढे फोटो, आत चरित्र, मग नवऱ्याचे शब्द, मुलांचे, भावंडांचे, चर्चच्या महिला मंडळाचे. लोक ती घरी नेतात, जपून ठेवतात आणि पुढच्या मयताच्या वेळी तीतली वाक्यं उतरवून काढतात. त्यामुळे आमच्या गावातून आजवर गेलेली प्रत्येक बाई 'अनमोल मोती' होती आणि प्रत्येक पुरुष 'कोसळलेला महावृक्ष'. एका चोपडीत तर नवऱ्याने बायकोला पहिल्या ओळीत मोती केलं, दुसरीत वृक्ष आणि तिसरीत जहाज. मी चर्चमध्ये बसल्या बसल्या लाल पेनाने तिन्हींभोवती वर्तुळं काढली होती. अराबाने मला असा चिमटा काढला की पुढचं अख्खं भजन मी उभ्यानेच म्हटलं.

तिच्या वाट्याला मोती येता कामा नये, एवढं मला कळत होतं. पण मोती नाही तर काय, हे कळेना. मी कविता शिकवल्या आहेत, केलेली एकही नाही. उपमा कुठली आणि रूपक कुठलं हे मी झोपेतही सांगेन, पण ते शोधून काढणं वेगळं आणि आणून ठेवणं वेगळं. कितीतरी दिवस मी कागदापुढे बसून राहिलो. घर रिकामं होतं. परसात तिची मासे धुरवायची मातीची चूल थंड पडली होती आणि शेजारची मांजरं रोज येऊन, बघून, निराश होऊन जात होती. मीही तेच करत होतो.

शेवटी सुचलं ते अगदी साधं होतं. दर रविवारी चर्चला निघताना अराबा पुढे असायची. मी चष्मा शोध, पाकीट शोध, असं करत मागे राहायचो, आणि ती वळणावरच्या झाडाखाली थांबून माझ्या नावाने खडे फोडत असायची. तेवढंच मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, कारण चोपडी इंग्रजीत असते. आपल्या भाषेत सांगायचं तर ते असं होतं:

अराबा, फार पुढे जाऊ नकोस.
वळणावरच्या सावलीत जरा टेक.
दार लावायला मला उशीर होतोय,
येतोच आहे तुझ्या मागोमाग.

'थांब' यासाठी मी साधा शब्द घेतला नाही. साधा शब्द बसथांब्यावर वापरतात. मी 'टॅरी' असा एक जुना, भारदस्त शब्द घेतला, जो हल्ली फक्त भजनांच्या पुस्तकात आणि माझ्या डोक्यात शिल्लक आहे. मग कागद लांब धरून पाहिला. पहिल्या ओळीत संबोधन, तिथेच आज्ञार्थ, आणि मरण म्हणजे वाट, हे रूपक तर चारी ओळींतून गेलेलं. खूप दिवसांनी मी पोटभर जेवलो.

बाजारातल्या छापखान्यात टाइप करायला फिलोमिना नावाची मुलगी आहे. माझीच विद्यार्थिनी, उरलेल्या निम्म्यांपैकी. तिने ओळींवर बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, "मास्तर, टॅरी म्हणजे काय हो?"

आता कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, तुला काय करायचंय, आहे तसं छाप. पण माझ्या तोंडून आयुष्यभराच्या सवयीने निघालं, "शब्दकोशात बघ."

तिने फोनवर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा फोनवर बघितलं. "आणि मास्तर, हे मागोमाग येतोय म्हणजे... तुम्ही?"

"अर्थात मी. दुसरं कोण?" असं म्हणून मी निघालो. वाटेत रॉकेल घेतलं, भाजलेली केळी घेतली. घरी पोचेपर्यंत शेजारचे बेन्सिल माझ्या ओट्यावर येऊन बसले होते. बेन्सिल जकात खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि तेव्हापासून गावातल्या कुठल्याही पिशवीत काय आहे हे त्यांना न उघडता कळतं.

"मास्तर," ते खोल आवाजात म्हणाले, "असं करू नये."

"कसं?"

"तुम्हाला माहीत आहे कसं." त्यांनी माझ्या हातातलं रॉकेल काढून घेतलं. "हे मी ठेवतो माझ्याकडे. आणि ती कपडे वाळत घालायची दोरी, ती मघाशीच सोडून ठेवलीय."

मी दोरीकडे पाहिलं. दोरी नव्हती. माझे दोन धुतलेले पायजमे कुंपणावर टाकलेले होते आणि त्यातल्या एकावर कोंबडी बसली होती. मी बेन्सिलना संबोधन समजावून सांगितलं. कवी लोक समोर नसलेल्या माणसाशी समोर असल्यासारखे बोलतात, चंद्राशी बोलतात, वाऱ्याशी बोलतात, तो भाषेचा अलंकार आहे. बेन्सिल मान डोलावत होते.

"चंद्राला कुणी सांगतं का, थांब मी येतोय म्हणून?" ते म्हणाले.

"सांगू शकतो."

"त्यालाही मी दोरी ठेवू दिली नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसा आली. ही समोरची केंकेवाली, अराबाची जिवलग मैत्रीण. अराबाचे धुरवलेले मासे आणि हिची आंबवलेल्या मक्याची केंके, अशी दोघींची वर्षानुवर्षांची एकच टपरी. तिने ताट ठेवलं, स्वतः आधी एक घास खाऊन दाखवला, मग माझ्यासमोर मांडी ठोकून बसली.

"खा."

"खातो नंतर."

"नंतर नाही. माझ्यासमोर. तोंड उघडून दाखवायचं."

मी शाळेत पोरांना गोळ्या देताना असंच तोंड उघडायला लावायचो. मी खाल्लं, तोंड उघडून दाखवलं. जाताना तिने स्वयंपाकघरातली सुरी उचलली. "उसनी नेतेय," म्हणाली. त्यानंतर मला घरात कांदा चिरता आला नाही. कांदा मी दगडाने ठेचला. सुरण नुसताच कोपऱ्यात पडून राहिला.

औषधाच्या दुकानात डोकेदुखीच्या पाकीटभर गोळ्या मागितल्या तर दुकानदाराने एकच गोळी फोडून दिली, वर पेलाभर पाणी दिलं आणि मी गिळेपर्यंत माझ्या कंठाकडे बघत राहिला. समुद्रावर फिरायला गेलो तर जाळी ओढणारे लोक ओढायचे थांबले. त्यातला एक माझ्या मागून चालत राहिला, मी वळलो की तोही वळायचा आणि आभाळाकडे बघायचा. दु:ख करायला माणसाला थोडा एकांत लागतो. मला तो मिळेना. बायको गेली म्हणून रडावं तर लोक म्हणणार, बघा, निघाला. न रडावं तर म्हणणार, बघा, ठरवून टाकलंय त्याने.

सगळ्यांत जिव्हारी लागलं ते सुतार आटाचं येणं. पेटी कशी होतेय ते सांगायला तो आला. सांगून झाल्यावरही जाईना. टोपी हातात फिरवत उभा.

"लाकूड चांगलं निघालंय, मास्तर. एकाच खोडाचं. उरतंय पण बरंच."

"बरं."

"म्हणजे, वाया जाईल." त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, सवयीच्या नजरेने, आणि ओठ हलवून काहीतरी मोजलं. "नुसतं विचारतोय. तुम्ही खांद्यात रुंद दिसत नाही, पण सदऱ्यात कळत नाही ना."

मी त्याला बाहेर काढला. मग आरशात खांदे पाहिले. रुंद होते की.

त्याच आठवड्यात मला जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात बोलावणं आलं. कुठल्या ते सांगत नाही, पण निवृत्त माणसाला दरवर्षी जिथे जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं, तिथे. खिडकीमागच्या बाईंच्या पुढ्यात माझ्या कवितेची छायाप्रत होती. ती तिथवर कशी पोचली हे मी विचारलं नाही. आमच्याकडे मासळीसुद्धा एवढ्या वेगाने पोचत नाही.

"यावर सही कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी."

"म्हणजे अर्ज तुमचाच."

"अर्ज नाही हो, कविता आहे."

"'येतोच आहे' असं तुम्ही लिहून दिलंय. तारीख दिलेली नाही." त्यांनी पेनने त्या ओळीवर टकटक केलं. "तारीख नसली की आमची पंचाईत होते. नक्की असेल तर तसं कळवा, नसेल तर रद्द करून घ्या."

मी त्यांना म्हटलं, क्रियापदाचा काळ बघा, हा काही बेत नाही, हा भाव आहे. त्या म्हणाल्या, भावासाठी वेगळी खिडकी नाही. शेवटी असं ठरलं की ही ओळ रूपक आहे, अशी लेखी खात्री एखाद्या चालू नोकरीतल्या मुख्याध्यापकाने द्यावी. मी माझ्या जुन्या शाळेत गेलो. तिथले नवे मुख्याध्यापक फार सज्जन. त्यांनी कविता वाचली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मास्तर, मी विज्ञानाचा. मला हे खरंच वाटतंय." आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

अडवोआ आली ती याच सुमारास. अडवोआ माझी एकुलती एक मुलगी, तेमाच्या बंदरापाशी दवाखान्यात परिचारिका आहे. ती अंत्यविधीच्या आदल्या दिवशी येणार होती. आली बरीच आधी, मोठी बॅग घेऊन, आणि आल्या आल्या माझी नाडी बघितली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "एक अलंकार आहे, त्यावरून गावाने..."

"बाबा, मला मानसा आंटीने सगळं सांगितलं."

ती माझ्याशी भांडली नाही. तेच वाईट होतं. ती दिवसभर घरात वावरायची, आईच्या वस्तू आवरायची, आणि दर थोड्या वेळाने मी आहे ना हे बघायला दारात यायची. मी पाहिलं की हसायची. तिची आई गेली होती, तिला बसून रडायला हवं होतं, आणि ती बापावर पहारा करत होती. मला तिची फार दया आली आणि स्वतःची फार लाज वाटली. पण ओळ मी खोडली नाही. मोती मला नकोच होता. आणि आता तर सगळं गाव विरोधात गेल्यावर मी मागे हटलो असतो, तर मास्तर म्हणून माझी काय पत राहिली असती?

मग कुळाने बोलावलं.

कुळाच्या घरातल्या मोठ्या खोलीत दुपारी सगळे बसले होते. मधल्या खुर्चीत कुळप्रमुख एग्या बोटवे, अराबाचे मामा. फार म्हातारे, फार बारीक, आणि बोलणं इतकं हळू की कोंबडा आरवला तर वाक्य बुडायचं. आमच्याकडे कुळप्रमुखाशी थेट बोलत नाहीत. त्यांच्या बाजूला प्रवक्ता बसतो, तुम्ही त्याला सांगायचं, त्याने ते सजवून त्यांच्या कानी घालायचं. प्रवक्ते होते क्वेनू. गोड गळ्याचे, फार देखणे गृहस्थ. माझ्या साध्या वाक्यांचं ते काय करतात हे बघून मला पहिल्यांदाच कळलं की आपल्या लिखाणावर दुसऱ्याने हात फिरवला की कसं वाटतं.

मी म्हणालो, "ही फक्त एक बोलण्याची रीत आहे."

क्वेनू म्हणाले, "एग्या, जावई म्हणतात, शब्द हे नावेसारखे असतात, आणि ही नाव त्यांनी नुसती पाण्यावर सोडली आहे, तिच्यात कुणी बसलेलं नाही."

मी म्हणालो, "मी असं म्हटलेलं नाही."

"जावई म्हणतात, नावही त्यांची नाही."

मी सोबत जुनं व्याकरणाचं पुस्तक आणलं होतं. पान काढून वाचून दाखवलं: संबोधन म्हणजे अनुपस्थित, मृत किंवा निर्जीव, म्हणजे जो ऐकू शकत नाही अशाला उद्देशून बोलणे. मला वाटलं, जिंकलो. क्वेनूंनीसुद्धा काही न सजवता ते तसंच पुढे सांगितलं.

एग्या बोटवेंनी प्रवक्त्याला हाताने बाजूला केलं आणि थेट माझ्याकडे बघून विचारलं, "ऐकू शकत नाही, असं कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक कुणाचं?"

"इंग्रजांचं."

"त्यांचे मेलेले ऐकत नसतील," एग्या म्हणाले. "आमचे ऐकतात. मी रोज सकाळी बोलतो त्यांच्याशी."

अराबा ऐकत नाही म्हणावं तर तिच्या माणसांसमोर तिचा अपमान. ऐकते म्हणावं तर मग मी तिला थांबायला सांगितलंय, हे कबूल. दोन्हीकडून मी बांधला गेलो होतो. बेन्सिलना दोरीची काळजी करायचं कारणच नव्हतं.

"जावई," एग्या सावकाश म्हणाले, "तुम्ही जगता की मरता, ते तुमच्या कुळाने बघावं. आमची पोरगी आमची आहे. त्या वाटेला मोठा चढ आहे. आपण पाणी पाजतो, कापड बांधून देतो, पाठीवर हात ठेवून सांगतो, निघ. आणि तुम्ही सांगताय, थांब. नवरा थांब म्हणाला तर ती थांबणार. तिचा स्वभाव माहीत आहे ना तुम्हाला? चिडेल, बडबडेल, पण थांबेल. पुढचे तिची वाट बघतायत. तुम्ही येणार कधी ते तुम्हालाच ठाऊक नाही. तोवर आमच्या पोरीने तिथे एकटीने बसून राहायचं?"

मला ती दिसली. रविवारचं कापड नेसलेली, झाडाखाली, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. मी इतके दिवस ओळीतले अलंकार मोजत होतो, पण ती तिथे उभी राहील हे मला सुचलंच नव्हतं. आणि अशा वेळी माणसाने जे करू नये तेच मी केलं. मी वाद घातला.

"पण एग्या, अराबाला इंग्रजी कुठे येत होतं?"

सगळ्यांनी माना वर केल्या.

"कविता इंग्रजीत आहे," मी म्हटलं. "ती ऐकत असेल, पण तिला कळणार कसं?"

"इंग्रजीतलं थांब एवढं कळायचं की तिला," बेन्सिल मागून म्हणाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "बाजारात बसायची. थांब, किती, घे, जा, सगळं कळायचं."

"मी तो शब्दच वापरलेला नाही. मी टॅरी म्हटलंय." मी खोलीभर नजर फिरवली. "इथे कुणाला माहीत आहे टॅरी म्हणजे काय?"

कुणाला माहीत नव्हतं. मानसाला साक्षीला उभं केलं. तिने डोळे पुसत सांगितलं की असला शब्द त्यांच्या टपरीवर कधी कुणी उच्चारला नाही, आणि उच्चारला असता तर अराबाने त्याला हाकलून दिलं असतं. क्वेनू तर आनंदाने उठूनच उभे राहिले. "एग्या, जावयांनी दारावर आरोळी ठोकली खरी, पण परक्या गावच्या भाषेत. आतल्या माणसाने कानावर घेतलीच नाही!" म्हाताऱ्यांनी आपापसांत कुजबुज केली. आज्ञा पोचलेलीच नाही, तेव्हा मोडायचा किंवा मागे घ्यायचा प्रश्न नाही. ओळ चोपडीत राहू द्यावी, वाचायला हरकत नाही. एग्यांनी मान हलवली. दारूची बाटली उघडली, सगळ्यांना थोडी थोडी मिळाली. बेन्सिलनी माझ्याशी हात मिळवून सांगितलं की दोरी संध्याकाळी आणून देतो.

मी जिंकलो होतो. उभ्या आयुष्यात व्याकरणाच्या जोरावर मिळालेला हा माझा एकमेव विजय, आणि तोही माझी कविता तिला कळणार नाही हे सिद्ध करून.

घरी येताना अडवोआ माझ्या बाजूने चालत होती.

"म्हणजे आईला काहीच कळलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्ही एवढं लिहिलंत, ते?"

"ते चर्चमधल्या लोकांना कळेल."

आम्ही थोडं पुढे गेलो. मग तिने विचारलं, "तुम्हाला ती थांबायला हवीय का, बाबा?"

"त्याचं असं आहे," मी म्हटलं, "आज्ञार्थ हा नेहमी आज्ञाच असतो असं नाही. विनंती असते, इच्छा असते..."

"व्याकरण नको, बाबा."

खरं सांगायचं तर मला अलंकार बिलंकार काही नको होता. मला ती थांबायला हवी होती. पहिल्या दिवसापासून तेवढंच हवं होतं. त्याला वर संबोधन, खाली रूपक असे कपडे चढवून मी गावभर मिरवत होतो, आणि गाव मला सांगत होतं की मास्तर, तुम्ही खरंच म्हणताय, आणि मी म्हणत होतो, छे, अलंकार आहे. अडवोआ रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती लहान असताना शेवटचा ठेवला असेल.

शनिवारी पहाटेच कुळाच्या घरी अराबाला पितळी पलंगावर निजवलं होतं. पांढरी जाळीदार कापडं, गळ्यात मणी, केस छान विंचरलेले. धुराचा वास कुठेच येत नव्हता, त्यामुळे मला क्षणभर दुसऱ्याच कुणाच्या मयताला आल्यासारखं झालं. लोक रांगेने येत होते, तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होते, पुढे सरकत होते. मानसाने तर मोठ्याने भांडूनच घेतलं तिच्याशी. टपरी एकटीने कशी चालवू म्हणून. हातात सगळ्यांच्या चोपड्या होत्या. पान माझंच होतं, ओळी चारही होत्या, चुका नव्हत्या. दोघांनी मला येऊन सांगितलं की इंग्रजी फार वजनदार आहे.

क्वेनूंनी हाक दिली, "नवरा."

मी पुढे झालो. चोपडी मी खिशात घातली होती. वाकलो आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. रोज जसं बोलायचो, दारातून, चष्मा शोधताना, तसंच आमच्या फान्तीत निघालं.

"अराबा, तू हो पुढे," मी म्हटलं. "मला वेळ लागेल."

मागे अडवोआ उभी होती. इतका वेळ तिने माझा सदरा पाठीमागून घट्ट मुठीत धरून ठेवला होता. तो तिने सोडला.